कोणी पाहिलं?

मला मारधाडीचे सिनेमे आवडतात. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींत हे असं सरळ सांगायची पद्धत नाही. तिथे 'कधीतरी डोकं बाजूला ठेवून बघतो' असं म्हणायचं असतं. मी डोकं बाजूला ठेवत नाही. उलट असले सिनेमे पाहतानाच मला सगळ्यांत जास्त प्रश्न पडले आहेत.

कोणी विचारलं तर माझी यादी तयार असते. 'शोले', 'अर्धसत्य', जॅकी चॅनचा 'पोलीस स्टोरी', 'टर्मिनेटर २', 'डोंबिवली फास्ट', 'मुळशी पॅटर्न' आणि 'सिंघम'. शेवटचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो. कारण 'सिंघम'चा शेवट मी अनेकदा पाहिला आहे, प्रत्येक वेळी मला तो आवडला आहे आणि तिथे जे घडतं ते प्रत्यक्षात घडू नये असं माझं ठाम मत आहे. खटल्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असं मानणारा माणूस अंधारात बसून नेमक्या त्याच गोष्टीवर शिट्टी कशी मारतो? हा दुटप्पीपणा आहे, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

आधी एक नेहमीचा आक्षेप बाजूला करतो. 'हे पाहूनच पोट्टे बिघडतात' हे वाक्य ऐकत मी वरुडात वाढलो. केबलवर दिवसभर दाक्षिणात्य डब सिनेमे चालायचे. मोठा पडदा हवा असेल तर अमरावती किंवा नागपूर. घरात कोणीतरी टीव्ही बंद करायचं आणि हे वाक्य यायचं. पण वरुडहून राज्याची सीमा ओलांडली की पांढुर्णा लागतं. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. आमच्याकडची माणसं ती पाहायला जातात, पुढच्या वर्षी पुन्हा जातात. ही प्रथा कोणत्याही सिनेमावाल्याने सुरू केलेली नाही. मारामारी पाहण्याची ओढ माणसात आधीपासून आहे, सिनेमाने तिला तिकीट लावलं. तेव्हा 'सिनेमा हिंसक बनवतो का' हा प्रश्न मला फार पुढे नेत नाही. मला विचारायचं आहे ते हे, की त्या मारामारीत आपल्याला नेमकं गोड काय लागतं?

एक भाग तर निव्वळ शरीराचा आहे. 'पोलीस स्टोरी' १९८५चा. शेवटी एका मॉलमध्ये जॅकी चॅन दिव्यांच्या माळा गुंडाळलेला उंच खांब धरून काही मजले खाली घसरतो. दिवे फुटत जातात, काचेतून तो खाली पडतो. त्यात त्याचे हात खरोखर भाजले होते. त्याच्या अनेक सिनेमांत श्रेयनामावली सुरू झाली की फसलेले प्रसंग दाखवतात, पडलेली, कळवळणारी माणसं दाखवतात. मला हे फार प्रामाणिक वाटतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठोशामागे कोणाचं तरी खरं शरीर असतं, एवढं तरी हा माणूस लपवत नाही. या आनंदात नैतिक पेच नाही. तो कुस्तीच्या फडात बसलेल्या माणसाचा आनंद आहे.

पेच दुसऱ्या भागात आहे. खलनायकाला शिक्षा होते तेव्हा पोटात जे थंड वाटतं, त्यात. पुष्कळ दिवस मी समजत होतो की हा सुडाचा आनंद आहे. आता तसं वाटत नाही. हा खात्रीचा आनंद आहे.

'शोले' घ्या. गब्बरने ठाकूरच्या घरातली माणसं मारली, नातवालाही सोडलं नाही, पुढे ठाकूरचे हात तोडले. हे आपल्याला कसं कळतं? ठाकूर जय आणि वीरूला सांगतो तेव्हा. त्या दोघांनी फक्त ऐकलेलं असतं, आपण मात्र पाहिलेलं असतं. फ्लॅशबॅक खोटं बोलत नाही, असा आपला आणि सिनेमाचा न बोलता झालेला करार आहे. ठाकूर चुकीच्या माणसाचं नाव घेत असेल, अशी शंका सिनेमागृहात एकाच्याही मनात येत नाही. म्हणून शेवटी आपल्याला फक्त निकाल हवा असतो. साक्ष झालेली असते आणि साक्षीदार आपणच असतो.

या निकालाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, त्याआधी जूनमध्ये आणीबाणी लागली होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला, ऐन वेळी पोलीस आले आणि गब्बर त्यांच्या ताब्यात गेला. मूळ शेवटासह सावरलेली प्रत २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथल्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा अनेकांना न्याय झाल्यासारखं वाटलं. मला मात्र दुसरीच गंमत वाटते. ज्या सरकारच्या काळात हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात होती, त्याच सरकारची यंत्रणा गब्बरला कायद्याने वागवा म्हणून अडून बसली होती. सांगणारा अप्रामाणिक होता. पण त्याने सांगितलेली गोष्ट चूक होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा तो तपासायला चाचण्याही लिहितो. चाचणीत अपेक्षित उत्तर आधीच लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमचं उत्तर त्याच्याशी जुळलं की हिरवी खूण येते आणि बरं वाटतं. पण तोच प्रोग्रॅम ग्राहकाकडे चालू लागतो, तेव्हा योग्य उत्तर कुठेही लिहिलेलं नसतं. काय घडलं हे तुटक नोंदींवरून शोधावं लागतं, आणि पहिला संशय ज्याच्यावर जातो तो भाग बहुधा निर्दोष निघतो. मारधाडीचा सिनेमा ही उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी आहे. तिथे हिरवी खूण पाहून शिट्टी मारली तर काही बिघडत नाही. तीच शिट्टी बाहेर घेऊन आलो की बिघडतं.

'सिंघम' २०११चा. पडद्यावर जयकांत शिक्रेने काय काय केलं ते सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. शेवटी अख्खं पोलीस दल त्याच्या घरात शिरतं आणि त्याचा हिशेब मिटवतं. सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका कार्यक्रमात नेमका याच शेवटाचा उल्लेख केला. त्यातून जाणारा संदेश धोकादायक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या वयाच्या पोरांनी त्यावर बरीच टिंगल केली. सिनेमा तो सिनेमा, न्यायमूर्तींनी कशाला मनावर घ्यावा?

मनावर घ्यावा, कारण आम्ही घेतला होता. ६ डिसेंबर २०१९च्या सकाळी हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर दुपारपर्यंत 'सिंघम'च्या चित्रांचा पाऊस पडला होता. त्या चौघांना गुन्हा करताना आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं. आम्ही बातमी वाचली होती. पण बातमी वाचताना डोक्यात चित्रं तयार होतात, आणि ती चित्रं हळूहळू फ्लॅशबॅकसारखी वाटू लागतात. पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, म्हणजे नागपुरात वकिली केलेला आपल्याच भागातला माणूस. मे २०२२मध्ये आयोगाचा अहवाल समोर आला. आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात म्हटलं होतं. त्या दिवशी ग्रुपवर कोणतंही चित्र आलं नाही.

'मी पाहिलं' या भावनेचं सगळ्यांत भयंकर उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत फिरत होते. ते मुलं पळवणारे आहेत, असा संशय होता. त्या काळात देशभर अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्यात एक व्हिडिओ होता. मोटरसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पळून जातात. ज्यांनी तो पाहिला त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला जनजागृतीचा छोटा चित्रपट होता. त्याच्या शेवटी मूल परत आणून सोडलं जातं आणि एक संदेश येतो. कोणीतरी तेवढा शेवट कापला होता.

मी सिनेमाचा शौकीन आहे, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. संकलनाच्या एका कापाने बचावाचा चित्रपट गुन्ह्याचा पुरावा झाला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आम्हा संगणकवाल्यांचं उत्तर नेहमी असंच असतं. आम्ही वेग कमी करू शकतो, पण खात्री कमी करणारं बटण अजून कोणी बनवलेलं नाही.

हे सगळं दूरचं वाटू नये म्हणून जवळचं सांगतो. मी बारावीत होतो. आमच्याकडे संत्र्याच्या बागांत विहिरींवरच्या आणि बोअरच्या मोटारींची केबल चोरीला जाणं नेहमीचं आहे. आतल्या तांब्यासाठी रात्रीतून केबल कापून नेतात. ऐन पाण्याच्या वेळी केबल गेली की पैशांसोबत बहारही जातो. त्या वर्षी माझ्या काकांच्या शेतातली केबल दुसऱ्यांदा गेली. दोन दिवसांनी रात्री पांदणीत एक अनोळखी पोरगा सापडला आणि लोकांनी त्याला ओढत काकांच्या खळ्यात आणलं. तो माझ्याच वयाचा असेल. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठेतरी पडली होती. दोन-तीन थपडा पडून गेल्या होत्या. एकाच्या हातात तुतारी होती, बैल हाकायची, आरीची.

काका घरातून बाहेर आले. नुकसान त्यांचं झालं होतं, म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "याले केबल कापताना कोनं पाह्यलं?"

कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "पाह्यलं नाई कोनं. पन रात्री अकरा वाजता हा इथं काय करून रायला होता?"

"मंग ते त्याले इचारा ना. माराले काऊन लागले?"

"भाऊ, केबल तुमची गेली. अन् तुम्हीच असं म्हनता?"

"माही गेली म्हनूनच म्हनतो," काका म्हणाले, "ज्यानं पाह्यलं त्यानं पुढं या. त्याचं नाव लिवून घेतो, उद्या ठान्यात सांगा लागन."

पुढे कोणी आलं नाही. नाव लिहून घेतो म्हटल्यावर तुतारीवालाही मागे सरकला. पोराला सकाळी पोलिसांच्या हवाली केलं. केबल कोणी नेली हे आजपर्यंत कळलेलं नाही. त्या पोराने नेली असेलही. काकांनी एका निर्दोष माणसाला वाचवलं, असं मी म्हणू शकत नाही, कारण ते मला माहीत नाही. मला आठवतात ते त्यांचे दोन प्रश्न. पाहिलं कोणी? आणि त्याचा जबाब देणार कोण? काकांनी कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नसेल, पण कायद्याची अर्धी इमारत या दोन प्रश्नांवरच उभी आहे.

इथे कोणी मला नागपूरची आठवण करून देईल, आणि द्यायलाच हवी. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव नावाच्या गुंडाला कस्तुरबानगरातल्या बायकांच्या जमावाने मारलं. त्याने वर्षानुवर्षं त्या वस्तीत बलात्कार, खंडणी आणि मारझोड चालवली होती. तक्रारींचा उपयोग होत नव्हता. 'पाहिलं कोणी?' हा प्रश्न तिथे विचारला असता, तर अर्धी वस्ती उभी राहिली असती. त्या बायकांना फ्लॅशबॅकची गरज नव्हती. त्यांनी स्वतः भोगलं होतं. माझं सगळं म्हणणं या एका घटनेपुढे अडखळतं, हे मी मान्य करतो. माझ्या खुर्चीत बसून त्यांना चूक ठरवण्याची माझी तयारी नाही.

पण त्या घटनेत आणि हैदराबादच्या फुलांत एक फरक आहे. अटका सुरू झाल्या, तेव्हा वस्तीतल्या बायका 'आम्हा सगळ्यांनाच अटक करा' म्हणून पुढे आल्या होत्या. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. फुलं उधळणाऱ्यांना आणि चित्रं पाठवणाऱ्या आम्हाला त्यातलं काहीच द्यावं लागलं नाही. आम्ही पाहिलंही नव्हतं आणि जबाबही द्यायचा नव्हता. पुढे २०१४मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. भरदिवसा, न्यायालयात, एवढ्या गर्दीत माणूस मेला, आणि कोणी मारलं हे सिद्ध झालं नाही. या प्रकरणावरून प्रेरित '२०० हल्ला हो' हा सिनेमा २०२१मध्ये आला, त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत. तो मी माझ्या आवडत्या सिनेमांच्या यादीत घेत नाही. त्या घटनेवर शिट्टी मारावीशी वाटत नाही. तिथे जिंकलेलं कोणीच नाही, आणि वर्षानुवर्षं तक्रार न ऐकणारे तर त्या गोष्टीत कधी पिंजऱ्यात उभेच राहिले नाहीत.

आता माझ्या यादीकडे परत येतो. वरच्या दोन प्रश्नांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा तिचा क्रम बदलला.

'अर्धसत्य' सगळ्यांत वर गेला. १९८३चा हा गोविंद निहलानींचा सिनेमा श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून आला आणि त्याचं लेखन विजय तेंडुलकरांचं. अनंत वेलणकरला राग येतो तो रामा शेट्टीचा, पण त्याचा मार पडतो कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर, आणि तो चोर मरतो. मारधाडीच्या सिनेमात हे सहसा होत नाही. तिथे नायकाचा ठोसा चुकीच्या माणसाला लागत नाही. इथे लागतो, आणि त्याच नायकावर आपण तासभर प्रेम केलेलं असतं. शेवटी तो शेट्टीला मारतो तेव्हा हात टाळीसाठी उचलले जातात, पण वेलणकर थेट पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. तो जबाब द्यायला जातो. उचललेले हात तिथेच राहतात.

त्यानंतर 'टर्मिनेटर २'. १९९१मध्ये जेम्स कॅमेरूनने माणसं मारण्यासाठीच बनवलेलं एक यंत्र नायक केलं, आणि एका पोराकडून त्याला कोणालाही मारायचं नाही अशी शपथ घ्यायला लावली. यंत्राला कारण कळत नाही, तरी ते पाळतं. ते पहारेकऱ्याच्या पायावर गोळी झाडतं. पुढे पोलिसांच्या गाड्यांची चाळण करतं आणि मग त्याच्या डोळ्यांतल्या पडद्यावर मेलेल्या माणसांचा आकडा उमटतो : शून्य. त्या सिनेमातला थरार कुठेही कमी होत नाही. ज्यांना वाटतं की मुडदे पडल्याशिवाय मारधाडीला चव येत नाही, त्यांनी तो प्रसंग पाहावा.

'डोंबिवली फास्ट' मधे कुठेतरी आहे. २००५चा निशिकांत कामत यांचा सिनेमा, संदीप कुलकर्णीचा माधव आपटे. बँकेतला साधा नोकरदार एक दिवस बॅट उचलतो. त्याची प्रत्येक तक्रार खरी आहे, म्हणून तो सिनेमा अवघड आहे. पण बॅट हातात आली की तपास, खटला आणि शिक्षा काही सेकंदांत उरकतात, हेही तो दाखवतो. प्रवीण तरडे यांचा २०१८चा 'मुळशी पॅटर्न' त्याच्या शेजारी आहे, कारण तो गुंड कुठून येतो ते दाखवतो. विकल्या गेलेल्या जमिनीतून येतो. आमच्याकडे जमीन जाण्याची कारणं वेगळी आहेत. पाणी खोल गेलं, संत्र्याची झाडं वाळली. पण जमीन गेलेल्या घरातला पोरगा पारावर बसून काय विचार करत असेल, ते मला त्या सिनेमाने सांगितलं. पांदणीत सापडलेला तो पोरगा कोणाचा होता, हे मात्र त्या रात्री कोणी विचारलं नव्हतं.

आणि 'सिंघम'? तो यादीत आहे, तळाला आहे, आणि राहील. तो पाहताना मी यापुढेही शिट्टी मारीन, कारण तिथे मी साक्षीदार असतो. मोबाइलवर 'ठोकून टाका' असा संदेश येतो तेव्हा मी साक्षीदार नसतो. हल्ली मी अशा संदेशाखाली वऱ्हाडीत दोनच शब्द लिहितो : कोनं पाह्यलं? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. एकदा एका मित्राने लिहिलं, 'तू त्यांच्या बाजूचा आहेस का?' मी त्याला लिहिलं, की मी अजून कोणाच्याच बाजूचा नाही, मला आधी कळू दे. तो ग्रुप सोडून गेला. मी अजून ग्रुपवर आहे.